मुले, मोबाईल आणि घरातला धाक



आजचा विषय ज्या वस्तूसंबंधी आहे ती या क्षणी बहुतेक श्रोत्यांच्या खिशात किंवा पिशवीत आहे, आणि पुष्कळांच्या घरी ती मुलांच्या हातात आहे. मोबाईल चांगला की वाईट, या वादात मला शिरावयाचे नाही. तो वाद आता निकालात निघाल्यासारखाच आहे. 1995 साली 15 ऑगस्टला विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्य ग्राहकांसाठी खुले केले. 2016 नंतर त्याचा दर इतका खाली आला की ते चाळीत पोचले आणि वस्तीवरही पोचले. 2020 साली साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा तर खुद्द शाळेनेच ते मुलांच्या हाती द्यावयास लावले. ज्या घरात ‘दहावी होईपर्यंत फोन नाही’ असा दंडक होता, त्या घरातही तिसरीतल्या मुलाचा तास फोनवर भरू लागला. पुढे साथ ओसरली, शाळा उघडल्या, फोन मात्र राहिला. तेव्हा ही वस्तू घरात आहेच असे धरून मुलांना सुखरूप कसे ठेवावे, एवढाच प्रश्न आपल्यापुढे उरतो.

मुलांना भुलवणारी माणसे पूर्वीही होती. इंटरनेटने ती निर्माण केलेली नाहीत. परंतु पूर्वी परक्या माणसाला मुलापर्यंत पोचावयाचे म्हणजे ओसरीवर बसलेली आजी, कोपऱ्यावरचा वाणी, शाळेच्या फाटकाशी उभा असलेला शिपाई, या सर्वांच्या नजरेखालून जावे लागे. यांच्यापैकी कोणी पोलीस नव्हता. पण ‘कोण रे तू? कोणाकडे आलास?’ हा एक प्रश्न पुष्कळदा पुरेसा होत असे. फोनमधून येणाऱ्याला हा प्रश्न विचारणारे कोणी नसते. शिवाय तो चाळीस वर्षांचा माणूस म्हणून येतच नाही. तो चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी होऊन येतो, तसा फोटो लावतो, तशीच भाषा बोलतो. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पूर्वी लिहिलेली चिठ्ठी परत मागता येई, फाडता येई. एकदा पाठवलेल्या चित्राच्या मात्र किती प्रती झाल्या आणि त्या कोठे गेल्या, हे पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही.

हा फास कसा पडतो ते पायरीपायरीने पाहू. कारण ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ एवढ्या उपदेशाने येथे भागत नाही.

समजा, आठवीतला एक मुलगा रोज संध्याकाळी फोनवर खेळ खेळतो. या खेळात चार ठिकाणची चार मुले एकत्र येऊन खेळतात आणि खेळता खेळता बोलतात. त्यांतला एक जण याला मदत करतो, खेळातील एखादी वस्तू भेट देतो, ‘तू फार छान खेळतोस’ म्हणतो. पंधरा दिवसांत तो मुलाच्या दृष्टीने अनोळखी राहतच नाही. तो मित्र झालेला असतो. मग हा मित्र म्हणतो, ‘येथे सगळे ऐकतात, आपण दुसरीकडे बोलू.’ बोलणे खेळातून निघून खासगी संदेशांत जाते. ही पहिली धोक्याची खूण. नंतर लहानसे गुपित येते. ‘घरी सांगू नकोस, त्यांना समजणार नाही.’ ही दुसरी खूण. मग फोटोंची देवाणघेवाण सुरू होते. प्रथम साधा, मग थोडा धीट, मग उघडा. समोरून आलेला फोटो बहुधा दुसऱ्याच कोणाचा तरी चोरलेला असतो. याचा फोटो मात्र खरा असतो. तो हाती पडताच मित्राचा आवाज बदलतो. ‘पैसे पाठव, नाहीतर आणखी फोटो पाठव. न पाठवशील तर हा तुझ्या सगळ्या वर्गाला, तुझ्या वडिलांना पाठवीन.’ वर्गातल्या मुलांची नावे त्याने आधीच मुलाच्या खात्यावरून उतरवून घेतलेली असतात.

हे संकट मुलींवरच येते अशी पुष्कळांची समजूत असते, आणि म्हणून मुलग्यांचे आईबाप निर्धास्त असतात. पैशासाठी होणाऱ्या या छळाचे बळी मोठ्या प्रमाणात चौदा ते सतरा वयाचे मुलगेच असतात, असा इशारा अमेरिकेच्या एफ.बी.आय. या तपाससंस्थेने दिलेला आहे. पैसे दिल्याने छळ थांबत नाही, हेही त्या संस्थेने वारंवार सांगितले आहे. एकदा पैसे मिळाले की येथे आणखी मिळतील, एवढेच भामट्याला कळते.

आता आपण स्वतःला एक प्रश्न विचारू या. या भामट्याजवळ खरे बळ कोणते आहे? तो शेकडो मैलांवर, कदाचित दुसऱ्या देशात बसलेला असतो. तो मुलाला हात लावू शकत नाही. त्याच्याजवळ एक चित्र आहे, आणि ‘घरी कळले तर काय होईल’ ही मुलाच्या मनातली भीती आहे. चित्र त्याने मिळवले, परंतु ही भीती त्याने निर्माण केलेली नाही. ती आपण केलेली आहे. वर्षानुवर्षे आपण बजावत आलो, ‘काही भलतेसलते केलेस तर बघ, फोन फोडून टाकीन, शाळा बंद करीन, तुझ्या बाबांना कळले तर घरात ठेवणार नाहीत.’ हे सर्व आपण मुलाच्या भल्यासाठीच म्हटले, यात शंका नाही. पण त्या रात्री, अंथरुणात तोंड खुपसून, मुलाला आठवते ते हेच. घरातल्या धाकावर बाहेरचा भामटा आपला धंदा चालवतो. मुलाने पहिल्याच धमकीला घरी येऊन सांगितले, तर त्याचे निम्मे भांडवल तेथेच बुडाले.

म्हणून मला आज जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते असे. मुलाच्या ऑनलाइन सुरक्षिततेचा पाया कुलुपे नव्हेत, कायदाही नव्हे. ‘काहीही झाले तरी घरी सांगता येते’ ही मुलाची खात्री हाच तो पाया. कुलुपे आणि कायदा यांचा उपयोग आहेच, त्यांच्याविषयी पुढे बोलणार आहे. पण पायाशिवाय त्यांचा उपयोग फार थोडा.

येथे कोणी विचारील, मुलाने सांगितले की सर्व संकट टळते काय? तसे नाही, आणि तसे सांगणे खोटे होईल. कॅनडातील अमांडा टॉड या मुलीची हकीकत जगभर माहीत झाली. सातवीच्या सुमारास व्हिडिओवर बोलताना एका अनोळखी माणसाने तिला क्षणभर अंगावरचे कपडे वर करावयास लावले आणि ते चित्र टिपून ठेवले. पुढे त्याने ते तिच्या ओळखीच्यांत पसरवले. तिने शाळा बदलली. नवी बनावट खाती काढून तो तेथेही पोचला. घरच्यांनी पोलिसांकडे तक्रार केली होती. पण शाळेतल्या मुलामुलींनी तिलाच हिणवले, एकटे पाडले, मारहाणही केली. 2012 च्या सप्टेंबरात तिने आपली कहाणी कागदांवर लिहून, एकेक कागद कॅमेऱ्यासमोर धरून सांगितली. पुढच्या महिन्यात तिने आयुष्य संपवले. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तिला छळणारा माणूस अटलांटिकपलीकडे नेदरलँड्समध्ये सापडला. 2022 साली कॅनडाच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवून तेरा वर्षांची शिक्षा दिली. म्हणजे कायद्याचा हात समुद्रापलीकडे पोचला, पण दहा वर्षांनी. घर पाठीशी असूनही वर्ग आणि शेजार विरुद्ध गेला, तर मूल एकटेच पडते, हे या हकीकतीतून घेण्यासारखे आहे. म्हणून दुसऱ्याच्या मुलीचे चित्र आपल्या फोनवर आले, तर ‘अशा मुलींना हेच पाहिजे’ असे उद्गार आपल्या मुलांदेखत काढण्यापूर्वी आईबापांनी विचार करावा. उद्या तुमचे मूल संकटात सापडले तर त्याला तुमचे हेच वाक्य आठवेल, आणि ते गप्प बसेल.

‘पण त्याने फोटो पाठवलाच कशाला?’ हा आपला ठरलेला प्रश्न असतो. आता त्याला फारसा अर्थही राहिलेला नाही. साध्या, कपडे घातलेल्या फोटोवरून यंत्राच्या साहाय्याने उघडे चित्र बनवता येते. मुलाने काहीएक चूक केलेली नसताना त्याच्या नावाचे असे चित्र फिरू शकते. तेव्हा चौकशी करण्याआधी धीर द्यावा, हाच क्रम बरोबर आहे.

समजा, असे संकट आलेच, तर काय करावे? मुलाला जवळ घ्यावे आणि ‘सांगितलेस हे बरे केलेस’ हे पहिले वाक्य बोलावे. पैसे देऊ नयेत, आणि भामट्याशी घासाघीस किंवा शिवीगाळ करीत बसू नये. घाबरून सर्व संदेश पुसून टाकू नयेत, कारण तोच पुरावा असतो. समोरच्या खात्याचे नाव, धमकीचे संदेश, मागितलेली रक्कम आणि पैसे भरण्याचा क्रमांक यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत, आणि मगच ते खाते ब्लॉक करावे. मात्र मुलाचे उघडे चित्र पुराव्यासाठी म्हणूनसुद्धा नातेवाइकांना किंवा शिक्षकांना पुढे पाठवू नये. ते पोलिसांना फोनमध्येच दाखवावे.

तक्रारीसाठी केंद्र सरकारचे राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे. मुलांसंबंधीच्या अशा चित्रांची तक्रार तेथे नाव न सांगताही करता येते. पैसे गेले असतील तर 1930 या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. येथे तासांना किंमत आहे, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवले जाण्यापूर्वी बँकेला ते अडवता येतात. मुलाला धीर आणि मदत हवी असेल तर 1098 हा क्रमांक आहे. ही बालसेवा 1996 साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. पोलीस ठाण्याची पायरी चढावयास आपली माणसे बिचकतात. त्यांनी हे लक्षात ठेवावे की, पॉक्सो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 2012 च्या कायद्याप्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने तो घ्यावयाचा असतो, जबाब घेणारा अधिकारी गणवेशात असता कामा नये, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाची ओळख वर्तमानपत्रांत उघड करण्यासही त्या कायद्याने मनाई आहे.

चित्र पसरू नये म्हणूनही आज एक साधन उपलब्ध आहे. अमेरिकेतील हरवलेल्या आणि पीडित मुलांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय केंद्राने 2023 साली ‘टेक इट डाउन’ नावाची विनामूल्य सेवा सुरू केली. तिची रीत समजून घेण्यासारखी आहे. ज्या फोनमध्ये ते चित्र आहे त्याच फोनमध्ये गणिताने त्या चित्रावरून अंक-अक्षरांची एक लांबलचक ओळ तयार होते. अंगठ्यावरून ठसा ओळखता येतो, पण ठशावरून अंगठा तयार करता येत नाही, तसेच हे आहे. चित्र फोनबाहेर जातच नाही, त्याचा ठसा तेवढा जातो. या योजनेत सामील झालेल्या कंपन्या आपल्याकडे त्याच ठशाचे चित्र आले आहे काय ते तपासतात आणि आढळल्यास काढून टाकतात. सर्व कंपन्या यात नाहीत, आणि ज्या संदेशसेवांत मजकूर कुलूपबंद जातो तेथे हा उपाय चालत नाही. तरी एखाद्या मुलाला ‘काहीतरी करता येते’ असे वाटणे हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे.

आपले मूल नेहमी बळीच असेल असेही धरू नये. वर्गाच्या ग्रुपवर आलेले दुसऱ्याचे चित्र गंमत म्हणून पुढे ढकलणारा मुलगाही कोणाचा तरी लाडका असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 67-ब या कलमाप्रमाणे मुलांची अशी चित्रे प्रसिद्ध करणे, पाठवणे, इतकेच नव्हे तर शोधणे आणि उतरवून घेणे हाही गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात अशी सामग्री जवळ बाळगण्यासंबंधीचा कायदा अधिक कडक रीतीने स्पष्ट केला आहे. ‘मी काढला नाही, फक्त पुढे पाठवला’ हा बचाव चालत नाही, हे मुलांना एकदा शांतपणे समजावून सांगितले पाहिजे.

आता कुलुपांकडे वळू. येथे पहिली चूक बहुधा आईबापांच्याच हातून होते. खाते उघडताना वय तेरापेक्षा कमी भरले की यंत्र नको म्हणते, म्हणून आपणच मुलाच्या वयात पाच-दहा वर्षांची भर घालतो. त्याचा परिणाम असा की, त्या क्षणापासून यंत्राच्या लेखी ते मूल प्रौढ झाले. इन्स्टाग्रामने 2024 साली किशोरवयीनांसाठी वेगळी खाती सुरू केली आणि 2025 साली ती भारतात आणली. त्यांत खाते मुळातच खासगी असते, ओळख नसलेल्याचा संदेश येऊ शकत नाही, आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला हे बंधन सैल करण्यास पालकाची संमती लागते. खोटे वय भरलेल्या मुलाला यातले काहीही मिळत नाही. तेव्हा मुलाच्या फोनमधील खात्यांवरची जन्मतारीख पाहणे, हे प्रत्येक पालकाने करण्याजोगे पहिले काम आहे.

बाकीची कुलुपे वयाप्रमाणे लावावी. दहा वर्षांखालच्या मुलाला स्वतःचा फोन देऊच नये. मोठ्यांचा फोन, मोठ्यांच्या खोलीत, मोठ्यांच्या देखत. फोनमध्ये पैशाचे ॲप असेल तर त्याचा पिन मुलाला ठाऊक नसावा. दहा ते तेरा या वयात गूगलचे फॅमिली लिंक किंवा ॲपलच्या फोनमधील स्क्रीन टाइम यांसारखी साधने उपयोगी पडतात. कोणते ॲप घ्यावे आणि किती वेळ वापरावे, हे त्यांतून ठरवता येते. खेळातील बोलणे बंद ठेवता येते, किंवा ओळखीच्या मित्रांपुरते ठेवता येते. तेरानंतर हळूहळू सैल सोडावे, पण रात्री फोन मुलाच्या उशाशी नसावा. हा नियम आईबापांनीही पाळावा, म्हणजे तो शिक्षा वाटत नाही. देखरेख करावयाची तर सांगून करावी. मुलाच्या नकळत त्याचे संदेश चोरून वाचणाऱ्या बापाला एखादे दिवशी काहीतरी सापडेल, पण मुलाला ते समजले की ते दुसरे खाते उघडेल, आणि मग काहीच सापडणार नाही. पोहावयास शिकवताना आपण मुलाच्या कमरेला दोर बांधतो तो त्याला दाखवूनच बांधतो.

आणखी एक गोष्ट. मुलाचा गणवेशातला फोटो, शाळेचे नाव, वाढदिवस, रिक्षाची वेळ, हे सर्व आपणच कौतुकाने जगाला सांगतो. परक्याला मुलाशी ओळख काढावयास याहून अधिक काय हवे? मुलांची माहिती वापरण्यास पालकांची पडताळता येणारी संमती लागावी आणि मुलांना हेरून जाहिराती दाखवू नयेत, असे भारताच्या 2023 च्या विदा संरक्षण कायद्यात म्हटले आहे. परंतु जी माहिती आपण आपल्या हाताने वाटली तिला कायदा काय करणार?

काही देशांनी याहून पुढचे पाऊल टाकले आहे. ऑस्ट्रेलियाने 2024 साली कायदा करून 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. त्यात दंड कंपन्यांना आहे, मुलांना किंवा आईबापांना नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला. आणि कायद्याची वाट न पाहता सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली आपल्यापुरता एक पायंडा पाडला. संध्याकाळी सात वाजता भोंगा होतो, आणि दीड तास गावातले टी.व्ही. आणि मोबाईल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसतात. एकट्या घराने फोन बंद केला तर मूल कुरकुरते, कारण शेजारच्या घरातला चालू असतो. सगळ्यांनी मिळून केले की ती रीत होते. आपल्या गृहसंस्थांना आणि शाळांच्या पालक-सभांना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

व्याख्यान संपवण्यापूर्वी एकच विनंती करतो. उद्या जेवताना, कोणतेही निमित्त नसताना, मुलाला एवढे सांगा की, ‘फोनवर कोणी तुला धमकावले, किंवा तुझ्याकडून काही चूक झाली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मला उठव. मी रागावणार नाही आणि तुझा फोनही काढून घेणार नाही.’ मूल कदाचित ‘काय हे, आई!’ म्हणून हसेल. हसू द्या. आणि पुढे कधी ते खरोखरच येऊन उभे राहिले, तर दिलेला शब्द मात्र पाळा. रागावण्याचा मोह त्या वेळी फार मोठा असेल. तो आवरला नाही, तर आज येथे ऐकलेले बाकीचे सगळे फुकट गेले असे समजावे.